गतिरोधक टाळ म्हणावं

स्वयंपाकघरात, चेरींची चित्रं असलेल्या मेणकापडावर
मावशीनं यंत्र ठेवलं आणि चष्मा पुसला.
"विचार त्याला, टिलेन."
विचारलं. त्यानं तीन रस्ते दिले:
सगळ्यात लवकरचा, सगळ्यात जवळचा,
आणि एक डिझेल वाचवणारा.
टोल टाळू? फेरीबोट टाळू? कच्चा रस्ता टाळू?

मावशी म्हणाली, "गतिरोधक टाळ म्हणावं.
आणि रात्रभर उघडे पेट्रोलपंप, त्यांचे ते पांढरेफटक दिवे.
आणि लाल सिग्नल."
त्याच्या यादीत यातलं काहीच नव्हतं.

बाहेर ट्रेलरवर बेचाळीस मधपेट्या
पट्ट्यांनी आवळून, जाळ्या लावून तयार.
गोरिच्कोतला अकेशिया गळून गेला,
दक्षिणेला, बेला क्रायिनात, चेस्टनट फुलायला आलेला.
चालत्या गाडीत माश्या गपगुमान असतात.
थांबलं की तापतात. तापल्या की फट शोधतात.

हायवेचं काम निघालंय मारिबोरपाशी,
तिथं रात्रीही रांग लागते.
म्हणून आम्ही रस्त्याला टाके घालत बसलो:
बोटानं निळी रेघ उचलायची,
पतुयच्या बाहेरून ओढून आणायची.
सोडली की ती रबरासारखी परत हायवेला चिकटे.
मग एक टाका खाणीच्या वळणावर,
एक विन्कोच्या गॅरेजसमोर,
एक अशा फाट्यावर, ज्याला नाव नाही,
फक्त मावशीला माहीत असलेलं एक अक्रोडाचं झाड आहे.
अकरा टाके झाले. यंत्रानं हिशेब मांडला:
एक तास सात मिनिटं जास्त. नक्की?
मावशीनं 'हो' दाबलं. भांडी घासून ओलं झालेलं बोट,
त्याला कळलंच नाही.
पदराला नाही, परकराला नाही, माझ्या बाहीला पुसून
तिनं पुन्हा दाबलं.

सव्वाएकला, सोत्ला नदीच्या काठी,
नारिंगी पाटी: रस्ता बंद.
"शक्य तितक्या लवकर मागे वळा,"
यंत्रातली बाई म्हणाली, शांतपणे, दोनदा.
त्या अरुंद रस्त्यावर मागे वळायला
आम्ही सायकलवर हवे होतो.
तेव्हा मला दिसलं, कोपऱ्यात बारीक अक्षरात, वाहन: कार.
ट्रेलर सांगायचा मी विसरलो होतो.

मावशी काही बोलली नाही. इंजिन चालू ठेवून
तिनं काच खाली केली आणि कान दिला.
उतू जायच्या बेतातलं दूध जसं
भांड्याच्या काठाशी क्षणभर थबकतं,
तसा तो आवाज. अजून आत होता.

मी नकाशा मोठा केला, लहान केला.
सातवा टाका त्या बंद रस्त्यावरच पडला होता
आणि यंत्र हट्टानं तिथूनच न्यायला बघत होतं;
कबूल केलंय ना, मग तिथं जायचंच.
मी तो उसवला.
रेघ सैल पडली, जरा भिरभिरली,
आणि पाटीच्या अलीकडे उजवीकडं निघणाऱ्या,
द्राक्षांच्या मळ्यांतून चढणाऱ्या वाटेला लागली.

वर, चर्चपाशी, एक गतिरोधक निघालाच.
मावशीनं गाडी त्याच्यावरून पावलापावलानं नेली,
आधी पुढची चाकं, मग मागची, मग ट्रेलरची,
प्रत्येक चाकाला "हळू गं" म्हणत.

पहाटे चार दहाला पोचलो. यंत्रानं सांगितलं पोचलात,
तेव्हा मुक्काम अजून चारशे मीटर दूर होता,
गवतात, डाव्या हाताला.

उजाडल्यावर जाळ्या काढल्या.
माश्या बाहेर आल्या, पण निघून गेल्या नाहीत.
पेटीकडं तोंड करून, हवेत मागं मागं सरकत,
आधी वीतभर, मग हातभर, मग झाडाएवढं अंतर घेत
आपलंच दार बघत राहिल्या.
"जवळच कुठं हलवलं असतं," मावशी म्हणाली,
"तर गेल्या असत्या जुन्या जागी.
काहीच नाही तिथं आता. चार विटा."
आणि थर्मासचं झाकण शोधू लागली.

परतताना गाडी मी चालवली.
ट्रेलर रिकामा. तरी मी नोंद बदलली: ट्रेलर आहे.
"आता घे तुझा लवकरचा," ती म्हणाली
आणि खिडकीला डोकं टेकून झोपली.
पहिल्याच गतिरोधकावर
मागं पट्ट्यांच्या सगळ्या कड्या खणखणल्या.
तिला जाग आली नाही.